सासुरवाडीची पांदण

आमच्या सिंदी मेघ्यात तेव्हा सायकली अगदी मोजक्या, आणि त्यांतली सगळ्यांत कमी चालवली गेलेली सायकल माझ्या भिंतीपलीकडच्या अंगणात उभी असायची. मालक कृष्णकांत. अल्लीपूरचा शेतकऱ्याचा मुलगा, मॅट्रिक झालेला, वर्ध्याच्या एका कचेरीत कारकून. माझ्या चुलतबहिणीचा, सुधाचा नवरा. म्हणजे मी त्याचा साळा. साळ्याला जन्माला घालताना देवाने थट्टेचा परवाना हातात देऊनच पाठवलेलं असतं, तेव्हा पुढे काही जास्तीचं बोललो तर ते नात्याचं समजावं, माझं नव्हे.

अल्लीपूरहून रोज वर्ध्याला येणं शक्य नव्हतं. नोकरी अजून कच्ची. तेव्हा माझे काका, म्हणजे त्याचे सासरे वासुदेवराव म्हणाले, "पक्के होवा, मंग वर्ध्यात खोली पाहू. तोवर इथूनच येनं-जानं करा. सायकल हायेच." सायकल त्यांनीच लग्नात दिलेली. काळीभोर, घंटी अशी खणखणीत की देवळातली लाजावी.

येणं-जाणं पांदणीनं. सडक होती, पण ती लांबचा वळसा घालून जायची. पांदण सरळ. दोन्ही बाजूंनी बाभळीचं कुंपण, कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, जाऊन जाऊन पडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, आणि मधोमध हातभर रुंदीचा उंचवटा. सायकल चालेल अशी जागा तो उंचवटा. माणसाला ठेच न लागता चालता येईल अशी जागाही तोच उंचवटा. डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बाईलाही तोच हवा, आणि गावातल्या डोमाजी म्हाताऱ्याच्या म्हशींना तर तो त्यांच्याच पूर्वजांनी बांधला असं वाटायचं.

आता कृष्णकांताचा स्वभाव. मोठ्या माणसापुढून वाहनावर बसून जायचं नाही, असं त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणी शिकवलं होतं. समोरून वडीलधारा आला की उतरायचं, राम राम घालायचा, तो पुढे गेला की बसायचं. अल्लीपुरात हे निभत होतं. तिथल्या म्हाताऱ्यांनी त्याला उघडा-नागडा खेळताना पाहिलेलं, ते लांबूनच ओरडायचे, "चाल, चाल, उतरू नोको!" पण सासुरवाडीत कोण ओरडणार? इथे तो जावई. गावातला प्रत्येक म्हातारा त्याचा सासरा, प्रत्येक म्हातारी त्याची सासू, आणि सगळे सकाळी त्याच पांदणीवर.

बरं, जावयाला मान देण्यात आमचं गावही मागे नाही. पुरुष भेटला की थांबायचा. "राम राम जवाईबापू. अल्लीपूरले हरभरा कसा हाये? तुमच्या बाबूजीचा खोकला?" बाई भेटली की तिची वेगळीच तऱ्हा. डोक्यावर ओझं असो की पाण्याची गुंड असो, जावई दिसला की ती पदर पुढे ओढून चाकोरीत उतरायची आणि पाठ करून उभी राहायची. ती उतरली म्हणून हा अधिक लाजून दुसऱ्या चाकोरीत उतरायचा. जावई या खड्ड्यात, सासू त्या खड्ड्यात, आणि मधला चांगला रस्ता मोकळा. त्यावरून डोमाजीच्या म्हशी शेपट्या हलवत निघून जायच्या.

मी एकदा विचारलं, "काऊन जवाई, सायकल बिमार हाये काय? हात धरून चालवून राह्यले तिले."

"तुमच्यासाठी उतरलो नाई, भैयाजी," तो म्हणाला, "तेवढंच काय ते तिले सुख."

बोलायला असा तयार. पण पौष सरताना त्याचं बोलणं आटलं. एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि आधी भिंतीकडे बोट करून मला गप्प केलं. पलीकडे ऐकू जायला नको होतं.

"कचेरीतल्या बडेबाबूनं बोलावलं होतं," तो म्हणाला. "होळीच्या आधी साहेब पक्क्या नोकरीसाठी नावं धाडनार. मी रोज उशिरा येतो म्हनतात. असंच चाललं तं माझं नाव नाई. अन् नाव नाई गेलं तं कच्ची जागाही काढून टाकतीन."

"मंग?"

"मंग काय? अल्लीपूरले वावर तेवढंच हाये, अन् भाऊ सारे त्याच्यावरच. सुधाले घेऊन तिथं कोन्या तोंडानं जाऊ? अन् इथं राह्यलो तं..." पुढचा शब्द त्याने उच्चारला नाही. आमच्याकडे तो शब्द कुणी स्वतःविषयी उच्चारत नाही. बिननोकरीचा जावई सासऱ्याच्या घरी राहिला तर त्याला घरजावई म्हणतात, आणि मग त्याला वाट सोडायला कुणी चाकोरीत उतरत नाही. त्याच्या अंगावर सगळे ओझं टाकून पुढे जातात.

"बडेबाबूले खरं कारन सांगा ना," मी म्हटलं.

"काय सांगू? सासू-सासरे भेटतात म्हनून उशीर होते? ते विचारतीन, किती सासू-सासरे केले म्हनून."

मी हसलो. तो नाही हसला. तेव्हा मला कळलं की हे प्रकरण थट्टेच्या पलीकडे गेलं आहे.

त्याने उपाय केले नाहीत असं नाही. एकदा भल्या पहाटे निघाला. पण त्या वेळी पांदणीवर गावातले सगळे सासरे लोटे घेऊन निघालेले. लोटेवाल्या सासऱ्यासमोर उतरून राम राम घालणं जावयाला जड, आणि तो घेणं सासऱ्याला त्याहून जड. दुसऱ्या दिवसापासून त्याने ती वेळ सोडली.

मग एकदा सडकेने लांबून गेला. वेळेवर पोचला, आनंदाने शीळ घालत परत आला, तर घरात पुरणाचा वास. गावभर बातमी झालेली की जावई रुसला. पांदण सोडून गेला, कुणाचं तोंड पाहायला तयार नाही. काकूंनी, म्हणजे आनंदाबाईंनी, सुधाला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "काई बोलली काय वं तू त्यायले? भाजीत मीठ कमी पडलं काय?" काकांनी घरातली जुनी घोंगडी काढून नवी अंथरली. बिचारा पुरणपोळीवर तूप घेत मान खाली घालून बसला. जावयाला न रुसताही समजूत काढून घ्यावी लागते, ही शिक्षा मी त्या दिवशी पाहिली. सडकही बंद झाली.

शेवटी माघाच्या एका सकाळी त्याने ठरवलं की आज कुणासाठी उतरायचं नाही. पुढची हकीगत मला दोघांच्या तोंडून कळली. एक त्याच्याकडून, आणि दुसरी काकूंनी माझ्या बायकोला सांगितली त्यातून. दोन्हींत फरक एवढाच की प्रत्येकाच्या हकिगतीत चूक आपली स्वतःची होती.

पांदणीच्या तोंडाशीच डोमाजी भेटला. कृष्णकांताने सायकलवरूनच "राम राम" म्हटलं आणि पायडल दाबलं. डोमाजी हात जोडलेलाच राहिला. थोडं पुढे गेल्यावर समोरून पऱ्हाट्यांचा भारा येताना दिसला. वेचून झालेल्या कपाशीच्या उपटलेल्या काड्या, चुलीसाठी घरी नेतात त्या. भारा इतका आडवा पसरलेला की खाली माणूस आहे एवढंच कळावं. कोण आहे ते कळू नये. भाऱ्याखालच्या बाईलाही पुढचं काही दिसत नसणार, आपल्या पायांपुरती माती तेवढी. त्याने घंटी वाजवली.

ती घंटी अख्ख्या गावाला ठाऊक. बाईने ऐकली आणि जावई आला म्हणून ती सवयीप्रमाणे बाजूला झाली. पाय चाकोरीच्या काठावर पडला, काठ ढासळला, आणि भाऱ्यासकट बाई खाली गेली. कृष्णकांताने सायकल टाकली, धावत जाऊन काड्या उचलल्या. खाली त्याची सख्खी सासू.

आमच्याकडे सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. एका घरात राहून ही दोघं एकमेकांशी एक वाक्यही बोलली नव्हती. "सुधा, त्यायले विचार, भाकर देऊ काय?" असं काकू म्हणायच्या, आणि तो सुधाला सांगायचा, "पुरे म्हना." आता पांदणीवर सुधा कुठली आणणार? काकूंनी पडल्या पडल्या आधी पदर सावरला, तोंड बाभळीकडे केलं आणि बाभळीलाच सांगितलं, "काई लागलं नाई म्हना. निघून जा म्हना."

कृष्णकांताने आडव्या पडलेल्या सायकलीकडे पाहत म्हटलं, "पाय सुजून राह्यला म्हना."

"सुजू द्या म्हना. कचेरीले उशीर होईन."

"झालाच हाये म्हना उशीर."

मग बाभळीकडून प्रश्न आला, "आज उतरले नाईत म्हना जवाईबापू. कोन्या गोष्टीचा राग हाये?"

मग मात्र त्याच्याने राहवलं नाही. सायकलीकडे तोंड करूनच त्याने सगळं सांगून टाकलं. बडेबाबू, पक्की नोकरी, रोजचा उशीर. घरजावई हा शब्दही. काकू ऐकत राहिल्या. नंतर त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "माय, आमी त्यायले मान देऊन राह्यलो होतो, अन् त्याच मानानं त्यायची नोकरी खाऊन राह्यलो होतो. कोनाले ठाव होतं?"

उठताना पाय टेकेना. सायकलीवर मागे बसा म्हणण्याची त्याची छाती नव्हती, आणि तो म्हणाला असता तरी काकू रांगत घरी गेल्या असत्या. शेवटी सायकल मधे घेतली. एका बाजूला त्याने मूठ धरली, दुसऱ्या बाजूने काकूंनी सीटवर हात टेकला. पऱ्हाट्या कॅरियरवर. अशी ती दोघं गावात शिरली तेव्हा मी दारातच होतो. खोटं कशाला बोलू, मला आधी वाटलं सासूने जावयाला पांदणीवर पकडून आणलं.

घराशी आल्यावर काकू उंबऱ्यावर बसल्या आणि सुधाला म्हणाल्या, "सांग त्यायले, आता जा म्हना. अन् कोनासाठीच उतरू नोका."

तो गेला. बडेबाबूंनी चष्म्यावरून पाहिलं.

"आज काय झालं?"

"सासूबाई पडल्या."

"सासुरवाडीत राहणाऱ्याला एवढं सोपं कारण बरं सापडतं," बडेबाबू म्हणाले. "उद्यापासून होळीपर्यंत एक दिवस जरी उशीर झाला, तर नाव धाडणार नाही. सासू पडो की सासरा."

संध्याकाळी काकांच्या ओट्यावर डोमाजी हजर. मीही गेलो; अशा वेळी घरी बसणं मला जमत नाही.

"वासुदेवराव," डोमाजी म्हणाला, "जवाई आज मले पाहूनही उतरले नाई. म्या काई मनाले लावून घेतलं नाई. फक्त सांगाले आलो."

काकांचा चेहरा उतरला. जावयाचं वागणं म्हणजे सासऱ्याची अब्रू. ते काही बोलणार तोच दाराआडून काकूंचा आवाज आला. पायाला हळद-चुन्याचा लेप, आवाजाला मात्र काही झालेलं नव्हतं.

"डोमाजी भाऊजी, तवा तुमच्या डोक्शावर काय होतं?"

"डोक्शावर? टोपी."

"अन् हातात?"

"काडी. म्हशी हाकाची."

"मंग तुमाले बाजूले व्हाले काय झालं होतं? तुमी रिकामे. तो कचेरीले जाऊन राह्यला होता." दाराआड बांगड्या वाजल्या. "आमी बाया ओझं घेऊन खड्ड्यात उतरतो रोज. आमच्यासाठी कोनी ओट्यावर येऊन सांगतलं काय कधी?"

डोमाजीने डोक्यावरची टोपी सारखी केली. मी माझ्या पायांकडे पाहू लागलो, कारण माझी बायको रोज याच पांदणीने गवत आणायची आणि तिने मला हे कधी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर मी त्यावर विनोद केला असता, हे तिला ठाऊक असणार.

"माहं म्हननं एवढंच," काकू म्हणाल्या. "ज्याच्या डोक्शावर भार, त्यानं मधून चालाव. त्याच्यासाठी जवायानंही उतराव, सासऱ्यानंही उतराव. अन् रिकाम्या मानसानं सायकलले वाट द्याव. मंग तो कोनाचा कोनीही असो."

काका उसळले. "म्हंजे म्या जवायाले वाट सोडू? पोरगी देल्ली, सायकल देल्ली, आता वाटही देऊ?"

"सायकल देल्ली हाये तं चालू द्या ना तिले," काकू म्हणाल्या.

डोमाजी उठला, धोतर झटकलं आणि निघून गेला. मी काकांकडे चोरून पाहिलं, ते रागात नव्हते. माणसाला आपली मोठेपणाची जागा कुणी हलवली की तो आधी ती चाचपून पाहतो, तसे ते चाचपत होते. त्यांचंही चुकत होतं असं मला वाटलं नाही. आयुष्यभर ज्यांनी मोठ्यांसाठी उतरून वाट दिली, त्यांची स्वतःची पाळी आली तेव्हाच कायदा बदलला. एवढं तर कुणालाही लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि काका वावराकडे निघालो. दोघेही रिकामे. काका मुद्दाम उंचवट्यावरून, मधोमध, नेहमीपेक्षा जरा ताठ चालत होते. मागून साखळीची कुरकुर ऐकू आली. कृष्णकांत. त्याने घंटी वाजवली नाही; आदल्या दिवसापासून त्या घंटीची त्याला भीती बसली होती. मी तर टुणकन चाकोरीत उतरलो, साळ्याला कसला मान. काका हलले नाहीत.

मी वळून पाहिलं. सायकल मंदावली होती. त्याचा एक पाय पायडल सोडून जमीन शोधत होता. आज उतरला असता तर सासऱ्याशी बोलणं आलं असतं, मागोमाग डोमाजी, मागोमाग आणखी कोणी, आणि बडेबाबूंचा शब्द. न उतरता काकांना घंटी वाजवून बाजूला केलं असतं, तर संध्याकाळी घरी जेवायला कोणत्या तोंडाने बसला असता? त्याचा चेहरा मी अजून विसरलो नाही. एवढ्याशा उंचवट्यावर त्याची नोकरी आणि त्याचं घर, दोन्ही आडवी उभी होती.

काकांनी एकदा खाकरलं. मग एकदम चाकोरीत उतरले, कुंपणाशी गेले आणि बाभळीतून आत वाकून पाहू लागले.

"भैयाजी, हा गहू कोनाचा हाये बा? लोंबी मस्त भरली."

गहू त्यांचाच होता. त्यांनीच पेरलेला.

सायकल त्यांच्या पाठीमागून निघून गेली. "राम राम, मामाजी," एवढं हळूच ऐकू आलं. काकांनी मान वळवली नाही, पण हात थोडा वर केला. गव्हाला आशीर्वाद दिल्यासारखा.

"तुमचाच तं हाये, काका," मी म्हटलं.

"हाव काय? तरीच," ते म्हणाले आणि पुन्हा मधोमध चालू लागले.

पुढे हेच गावाने उचललं. जावयाला वाट देतो असं कुणी म्हणायचं नाही. सायकल आली की रिकाम्या हाताचे म्हातारे कुंपणाकडे वळून पिकं पाहायचे. गहू निघून गेल्यावर नांगरलेली काळी ढेकळंही इतक्या बारकाईने पाहायचे की परक्याला वाटावं, या गावाचं शेतीवर फार प्रेम. डोमाजी सगळ्यांत शेवटी वळला. त्याने कधी पिकाकडे पाहिलं नाही; तो म्हशीची शिंगं तपासायचा.

बायांना जास्त जड गेलं. पहिल्या दिवशी कृष्णकांत उतरून चाकोरीत उभा राहिला आणि गवताचा भारा घेतलेली बाई उंचवट्यावरून पुढे गेली, तेव्हा ती चोरी केल्यासारखी पळाली. हळूहळू पळणं थांबलं. ओझंवाल्यांसाठी तो रोज उतरायचा आणि तरी वेळेवर पोचायचा, कारण डोक्यावर भार असलेलं माणूस अल्लीपूरच्या हरभऱ्याची चौकशी करायला थांबत नाही. वेळ खात होते ते आम्ही रिकामे.

होळीच्या आधी नाव गेलं. आषाढात, आखाडीच्या सणाच्या सुमारास हुकूम आला, पक्का झाला. बडेबाबूंनी शाबासकी दिली नाही. उशीर नाही हे पाहून त्यांनी चष्म्यावरून बघणं सोडलं, एवढंच. काका स्वतः वर्ध्याला जाऊन खोली पाहून आले, कचेरीच्या मागेच, पायी जाण्याजोगी. सुधा भांडी वेगळी काढू लागली.

पण तो खोलीचं नाव घेईना. महिना लोटला तरी रोज पांदणीनेच जाणं-येणं. शेवटी एका रात्री जेवणानंतर सुधाने विचारलं. भिंत पातळ आहे, त्यात माझा दोष नाही.

"काऊन जात नाई आपन? आता तं कोनी काई म्हननार नाई तुमाले."

"जाऊ," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "शहरात मले कोनी ओळखत नाई, सुधा. तिथं उतरू कोनासाठी?"

सुधा काय म्हणाली ते नीट ऐकू आलं नाही. पण सकाळी पाहतो तो वेगळी काढलेली भांडी पुन्हा फळीवर लागली होती, आणि काकू माझ्या बायकोला सांगत होत्या की या दिवाळीला त्यायले चांगल्या चपला घेऊन द्याव्या म्हनते, चाकोरीत उतरून उतरून जुन्या झिजल्या.